गिअर पडत नाही, खाली तेलाचा डाग? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडला संध्याकाळी डाव्या पायाला उसंत नसते. पहिला, दुसरा, परत पहिला. अशाच एका संध्याकाळी गायमुखच्या चढावर माझ्या गाडीचा पहिला गिअर पडेचना. मागे हॉर्नचा कल्ला. घाबरून इंजिन बंद केलं, तर गिअर अलगद पडला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगून टाकलं, "गिअरबॉक्स उतरवायला लागेल, साहेब."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन बंद असताना गिअर पडतो आणि चालू असताना अडतो, म्हणजे बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. गिअरबॉक्स बिचारा धडधाकट असतो. दुसऱ्या मिस्त्रीने टॉर्च घेऊन पेडलच्या वर, दांडी आत जाते तिथे बोट फिरवलं. बोट ओलं. क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा पंप) गळत होता आणि डबीतलं ब्रेक ऑइल, जे या क्लचलाही लागतं, तळाला गेलं होतं. गिअरबॉक्स जागचा हललाही नाही.

आवाजाचंही तसंच. गाडी उभी करा, न्यूट्रल, इंजिन चालू. पेडल सोडल्यावर घरघर येते आणि दाबलं की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला खरखर होत असेल तर त्याची सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलेली असते. सगळेच गिअर जड असतील तर आधी केबल आणि क्लच बघा. रिव्हर्सला कर्रकन आवाज आला म्हणून मात्र लगेच धास्तावू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून 2-3 सेकंद थांबा, मग टाका.

आता डाग. स्टॅक पार्किंग असेल तर तेल वरच्या गाडीचं नाही ना, हे आधी बघा. (आमच्या सोसायटीत यावरून भांडण झालंय.) मग रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेनाने खुणा करून ठेवा. सकाळी थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळपट. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, निवांत राहा.

थेंब पडतो तिथेच गळती असते, हे मात्र धरून चालू नका. तेल ओघळत सगळ्यात खालच्या बोल्टवर येतं. खालचा भाग धुऊन पुसा, दोन दिवस गाडी चालवा, मग पहिला ओलावा कुठे दिसतो ते बघा. ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओलं असेल तर तिथलं ऑइल सील गेलंय. हे काम गिअरबॉक्स न उतरवता होतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालं असेल तर शाफ्टचा रबरी बूट फाटलाय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून इंजिन ऑइल येत असेल तर इंजिनचं मागचं क्रँक सील गेलंय. तिथे खोलण्यावाचून इलाज नाही, मग क्लच प्लेटही त्याच खर्चात बघून घ्या. आणि नवं सील वारंवार जात असेल तर गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) चोंदलाय का ते तपासा. आत दाब साठला की तेल वाट शोधतंच.

पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर गिअर ऑइल तपासाच. गरम गिअरबॉक्स एकदम थंड झाला की ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. तेल दुधाळ दिसलं तर बदला. बदलताना मॅन्युअलमध्ये जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर "भारी आहे" म्हणून जीएल-5 ओतू नका. त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडा लगदा असणं नेहमीचं, पण दातांचे तुकडे निघाले तर गाडी चालवू नका.

आणि तेल काढण्याआधी भरायचा वरचा बोल्ट सुटतो का ते बघा. आमच्या शेजाऱ्यांनी आधी खालचा काढला, सगळं तेल परातीत, आणि वरच्या बोल्टचं डोकं गोल झालेलं. गाडी टोइंगवर गेली, परात घरी आली ती वहिनींनी आत घेतली नाही.