इंग्लंडमध्ये भाड्याचं घर सोडलं आणि एजंटने डिपॉझिट कापलं, तर काय करायचं?

किल्ल्या परत देऊन काही दिवस होतात आणि लेटिंग एजंटचा ईमेल येतो: साफसफाई १८० पौंड, कार्पेट ६०० पौंड, भिंतींचा रंग २५० पौंड, उरलेले पाठवतो, मान्य असल्याचं कळवा. नव्या घरात सामान लावण्याची गडबड चालू असते, नाहीतर भारतात परतण्याची. आपली बरीच मंडळी ‘जाऊ दे, कुठे भांडत बसायचं’ म्हणून होकार देऊन मोकळी होतात. कृपा करून असं करू नका. ती यादी म्हणजे निकाल नाही, घरमालकाची नुसती मागणी आहे. डिपॉझिटचे पैसे तुमचे आहेत. त्यातून का आणि किती कापायचं, हे पुराव्यानिशी दाखवणं घरमालकाचं काम आहे. तुम्ही काही बिघडवलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही.

आधी पैसे कुठे आहेत ते शोधा

६ एप्रिल २००७ पासून इंग्लंडमध्ये नेहमीच्या खासगी भाडेकराराचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवणं बंधनकारक आहे. अशा योजना तीन: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करून तिची माहिती तुम्हाला लेखी द्यावी लागते. ते कागद सापडत नसतील तर तिन्ही संकेतस्थळांवर स्वतः शोध घ्या. कुठेच नोंद नसेल तर प्रकरण वेगळं होतं. तुम्ही काउंटी कोर्टात (तिथल्या स्थानिक दिवाणी न्यायालयात) जाऊ शकता आणि कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीनपट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. एजंटला एवढं कळवलं तरी बोलण्याचा सूर बदलू शकतो.

घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहत असाल, म्हणजे लॉजर असाल, तर हा नियम लागू होत नाही. विद्यार्थ्यांनी हे खोली घेण्याआधीच लक्षात घ्यावं.

‘ओके’ लिहू नका

फोनवर वाद घालू नका, सगळं ईमेलवर ठेवा. पहिल्या उत्तरात तीन गोष्टी मागा: चेक-इनची इन्व्हेंटरी (तुम्ही राहायला आलात तेव्हाच्या सामानाची आणि घराच्या स्थितीची नोंद), चेक-आउटचा रिपोर्ट (घर सोडतानाची तशीच नोंद) आणि प्रत्येक कपातीचं बिल किंवा कोटेशन. मग एकेका बाबीवर उत्तर द्या: ही मान्य, ही अमान्य, कारण हे. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच सोडा, असंही लिहा. वाद १८० पौंडांचा असताना सगळं डिपॉझिट अडकवून ठेवायचं कारण नाही. तुमची एकूण रक्कम ठरली की ती १० दिवसांत परत मिळायला हवी.

चेक-इनची इन्व्हेंटरीच नसेल, तर घर सुरुवातीला कसं होतं हे दाखवणं घरमालकाला फार अवघड जातं. असेल, तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून खोलीवार वाचा. तिथे ओव्हनपुढे ‘वापरलेला, थोडा चिकट’ लिहिलेलं असेल, तर तो लखलखीत करून द्यायची जबाबदारी तुमची नाही. घर मिळालं तेवढंच स्वच्छ परत द्यायचं असतं. व्यावसायिक सफाईवाल्यालाच पैसे द्या, अशी सक्ती २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानंतर करता येत नाही.

झीज वेगळी, नुकसान वेगळं

सगळा वाद इथेच असतो. सोफ्याच्या पायांचे कार्पेटवरचे वळ, उन्हाने फिकट झालेले पडदे, जिन्यातल्या भिंतीला हात लागून आलेला मळकटपणा ही नैसर्गिक झीज आहे. तिचे पैसे घेता येत नाहीत. घरात किती जण राहत होते आणि किती वर्षं, हेही बघितलं जातं.

आपल्या घरांतल्या काही गोष्टी मात्र झिजेत बसत नाहीत. ओट्यावरचा हळदीचा डाग, चिमणीच्या जाळीवर साठलेला फोडणीचा थर, देवघरामागच्या भिंतीवरची समईची काजळी. यांची वाजवी भरपाई मान्य करा. खरं असेल ते कबूल केलं की बाकीच्या मुद्द्यांवर तुमचं म्हणणं जास्त पटतं.

पण वाजवी म्हणजे किती? समजा, ६०० पौंडांचं कार्पेट साधारण सहा वर्षं टिकणारं होतं आणि तुम्ही घर सोडलं तेव्हा ते चार वर्षांचं झालं होतं. म्हणजे त्याचं दोन वर्षांचं आयुष्य उरलं होतं. ते पूर्ण खराब झालं असं धरलं, तरी मागणी २०० पौंडांच्या आसपासच व्हायला हवी. जुन्याच्या जागी तुमच्या खर्चाने नवंकोरं घेण्याचा हक्क घरमालकाला नाही. डाग एकाच खोलीत असेल तर आकडा आणखी खाली येतो. हा हिशेब ईमेलमध्ये मांडा आणि कार्पेट कधी टाकलं होतं ते विचारा. रंगालाही हेच लागू.

बुरशीचा आरोप असेल तर राहत असताना तुम्ही गळतीबद्दल किंवा दमट हवा बाहेर टाकणाऱ्या, बंद पडलेल्या पंख्याबद्दल पाठवलेले जुने ईमेल शोधून काढा.

ऐकत नसतील तर योजनेकडे जा

१० दिवसांत समाधान झालं नाही तर ज्या योजनेत डिपॉझिट आहे तिथे वाद नोंदवा. ही सोय मोफत आहे, वकील लागत नाही. पैसे एजंटकडेच असून योजनेत फक्त विमा असेल, तर भाडेकरार संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करा. इथे ना कोणी घर बघायला येतं, ना सुनावणी होते. निवाडा करणारा केवळ कागद आणि फोटो पाहतो. म्हणून फोटोंवर तारीख आणि खोलीचं नाव घाला, आणि कोणता फोटो कोणत्या कपातीला उत्तर देतो ते लिहा. रागाने लिहिलेल्या चार पानांपेक्षा असा एक फोटो जास्त उपयोगी पडतो. निर्णय दोघांवर बंधनकारक असतो, त्यामुळे सगळे पुरावे पहिल्याच वेळी द्या.

भारतात परतला असाल तरी हे सगळं ऑनलाइन होतं. फक्त पैसे हातात येईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका, आणि योजनेत कंपनीचा किंवा विद्यापीठाचा ईमेल दिला असेल तर तो बंद पडायच्या आत बदलून घ्या.

एजंट उत्तरच देत नसेल किंवा रिपोर्ट दडवत असेल, तर त्या वागणुकीची तक्रार वेगळी करता येते. आधी त्याच्याच कार्यालयात लेखी तक्रार द्या. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर द प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस या तक्रार निवारण संस्थांपैकी तो ज्याचा सदस्य असेल तिकडे जा. प्रत्येक लेटिंग एजंटला अशा एका संस्थेचं सदस्यत्व सक्तीचं आहे आणि कोणत्या, हे त्याला संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं.