पाडव्याआधी रोपवाटिकेच्या कूलरची तयारी

पाडवा उलटला की विट्याकडच्या आमच्या माळावर दुपारी प्लॅस्टिकच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. माणूस बाहेर येऊन झाडाखाली बसतं, ट्रेमधल्या मिरचीच्या रोपाला कुठं जाता येतं? म्हणून कूलरची तयारी होळीच्या आतच उरकायला घ्या. बहुतेक जण आधी पंख्याच्या दुकानात जातात. माझ्या मते पंखा सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी ऊन अडवायचं, मग हवेची वाट ठरवायची, मग पाण्याचं बघायचं.

पहिली खरेदी म्हणजे काचेच्या दोन साध्या तापमापी. दोन्ही सावलीत शेजारी टांगा. एकीच्या फुग्याला मऊ सुती चिंधी गुंडाळून ती ओली करा आणि पुठ्ठ्याने दोन-तीन मिनिटं वारा घाला. ओलीचा पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. कोरड्या आणि ओल्या आकड्यातला फरक वहीत लिहा, कारण तुमच्या कूलरची सगळी ताकद त्या फरकातच आहे. गवताचा पॅड, म्हणजे भिंतीत बसवलेली गवताची चौकट जिच्यातून हवा आत येते, नीट भिजलेला असेल तर फरकाच्या साधारण पाऊणपट थंडावा मिळतो. ओल्या तापमापीच्या खाली मात्र असा साधा पाण्याचा कूलर जात नाही. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश आणि दमटपणा २० टक्के असेल, तर ओली तापमापी २२ च्या आसपास थांबते. फरक १८ चा, त्यामुळे पॅडमधून आत येणारी हवा २६-२७ अंशांची. तीच हवा मेअखेरीस वळवाचे ढग आल्यावर ३४ अंश असते आणि ओली तापमापी २७ दाखवते. तेव्हा जेमतेम पाच अंश हाती लागतात. अशा दिवशी मोटर बिघडली म्हणून खोलून बसू नका. हवेत आणखी पाणी मावायला फारशी जागा उरलेली नसते. माठातलं पाणी पावसाळ्यात फारसं गार होत नाही, त्याचं कारणही हेच.

आता सावली. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट प्लॅस्टिकच्या वर, बाहेरून, फूटभर अंतर सोडून ताणा. आतून लावली तर ऊन आत येऊन मगच नेट तापते आणि ती उष्णता शेडमध्येच राहते. नेटला पैसे कमी पडत असतील तर प्लॅस्टिकवर चुन्याचा पातळ हात मारला तरी चालतं.

मग टेप घेऊन शेड मोजा. माझी २० फूट लांब, १३ फूट रुंद आणि सरासरी ८ फूट उंच आहे, म्हणजे २०८० घनफूट. दर मिनिटाला आतली सगळी हवा एकदा बदलली पाहिजे, हा हिशोब धरायचा. तेव्हा पंखा मिनिटाला निदान २०८० घनफूट हवा ओढणारा हवा. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, पॅड आडवा आला की तो घटतो. म्हणून २५०० चा बघा. पंखा हवा बाहेर फेकणारा, एक्झॉस्टचाच घ्या. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, त्यामुळे पॅड पश्चिमेच्या भिंतीत आणि पंखा समोर पूर्वेला. उलट बसवलात तर पंखा दिवसभर वाऱ्याशी झगडत राहील.

पॅडचं माप हवेवरून काढा. कूलरच्या लाकडी गवतातून हवा मिनिटाला १५० फुटांच्या वेगाने गेली तर ती नीट भिजून येते. २०८० ला १५० ने भागलं की १४ चौरस फूट येतात. मी ७ फूट लांब आणि २ फूट उंच चौकट केली, दोन्ही बाजूंनी कोंबडीची जाळी आणि मध्ये गवत. गवत हाताने पिंजून सगळीकडे सारखं भरा. ते दोन महिन्यांत खाली बसतं आणि वर फट पडते, म्हणून जाळीचं वरचं तोंड उघडता येईल असं ठेवा. तयार हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा कागदी) पॅड ४ इंची जाडीचा घेतलात तर साडेआठ चौरस फूट पुरे. तो महाग आहे, पण जास्त टिकतो.

पाण्यावर मात्र एक पूर्ण दिवस घालवा. पाऊण इंची पीव्हीसी पाइपला तीन-तीन इंचांवर ३ मिलिमीटरची भोकं पाडा आणि ती भोकं वरच्या बाजूला ठेवा. पाइपवर उभा चिरलेला अडीच इंची पाइप पालथा घाला. पाणी वर उडून त्या पालथ्या पाइपला लागतं आणि पसरून गवतावर पडतं. भोकं खाली ठेवली की गाळ त्यांच्यातच बसतो. खाली ४ इंची पाइप अर्धा चिरून पन्हाळ करा आणि तिला टाकीकडे उतार द्या. सात फुटांच्या पॅडला मिनिटाला ९ लिटर पाणी फिरतं राहायला हवं, कूलरचा लहान पंप तेवढं सहज करतो. त्यातलं प्रत्यक्षात वाफ होऊन जातं ते कडक उन्हात तासाला २० लिटरच्या आसपास. अकरा ते चार चालवलं की १०० लिटर, म्हणून २०० लिटरचा बॅरल घ्या. बॅरल सावलीत आणि झाकलेला ठेवा, नाहीतर शेवाळ धरतं आणि डासही होतात. पंपाच्या तोंडाला जाळी बांधा.

आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. पंधरवड्यात गवतावर पांढरी खरड चढते आणि तिथून पाणी वाहायचं थांबतं. रोज संध्याकाळी बॅरलमधलं तळचं पाणी बाहेर सोडून द्या, पण रोपांना घालू नका. पॅड चालू असताना आतल्या बाजूने त्यावर तळवा फिरवून बघा. गार, गार आणि मध्येच चार बोटांची पट्टी भट्टीसारखी लागली, तर त्याच्या वरचं भोक बुजलं आहे असं समजा. कोरड्या पट्टीतून हवेला अडथळा कमी, त्यामुळे गरम हवा तिथूनच जोरात आत घुसते.

वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या. पाणी, लोखंडी चौकट आणि अनवाणी पाय एकाच जागी येतात, तिथं काटकसर नको. पंखा आणि पंप सिंगल फेजचे असू द्या. लाइट गेली की बंद शेड काही मिनिटांत तापते, म्हणून बाजूचे पडदे एका दोरीने वर जातील अशी सोय आधीच करून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला ती दोरी दाखवून ठेवा.

पंखा लावून एक उदबत्ती पेटवा आणि दार, कोपरे, प्लॅस्टिकचे सांधे यांच्याजवळ बाहेरून धरा. धूर आत ओढला गेला की तिथं फट आहे. ती बुजवा, कारण फटीतून येणारी हवा पॅडला न शिवता सरळ आत शिरते.

गेल्या मे महिन्यात वळीव पडून गेला तरी माझ्याकडून पंप रात्रभर चालू राहिला आणि पडदेही उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी झेंडूच्या चार ट्रेमधली रोपं कोकोपीटला (ट्रेमधल्या नारळाच्या भुशाला) लागून दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली होती. पानं अजून हिरवी होती, त्यामुळे जास्तच लागलं. तेव्हापासून मी चार वाजता पंप बंद करते, पुढे अर्धा तास नुसता पंखा चालवून पॅड सुकवते आणि मगच पडदे वर घेते. आभाळ भरून आलं तर पंपाला हातच लावत नाही.

ट्रे आत ठेवण्याआधी एक दिवस रिकाम्या शेडमध्ये सगळं चालवून बघा. एक तापमापी पॅडपाशी, एक मध्यावर, एक पंख्यापाशी, तिन्ही रोपांच्या उंचीवर. पंख्याकडे तीन-चार अंश जास्त येणारच, कारण हवा जाता जाता तापते. त्याहून जास्त आले तर उदबत्ती घेऊन परत फेरी मारा. नाही आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे आत घ्या, नुकती उगवलेली मिरची पॅडच्या बाजूला, लावणीला आलेली पंख्याकडे.