१६८ सेंटिमॉर्गनचे काका

डीएनए चाचणीसाठी थुंकीची नळी पाठवली, निकाल आला, जुळणाऱ्यांची यादी उघडली, इथवर तुम्ही पोचला असालच. सोबत येणारी 'अमुक टक्के दक्षिण आशियाई' ही टक्केवारी एकदा बघा आणि विसरा. आपलं काम यादीत आहे, आणि मी आपटले तीही तिथेच.

यादीत टोरांटोचे एकजण होते, १६८ सेंटिमॉर्गन (दोघांचा किती डीएनए जुळतो ते मोजायचं एकक). आडनाव वेगळं, पण त्यांच्या वंशवृक्षात पणजोबा म्हणून नाव होतं विनायक रामचंद्र, आणि गाव आमचंच. माझे सख्खे आजोबा विनायक रामचंद्र! तिसऱ्याच कुणाच्या सार्वजनिक वृक्षात त्या नावापुढे आजोबांचं जन्मवर्ष, १९०९, लिहिलेलं होतं. साइटने विचारलं, जोडू का? मी म्हटलं, जोड. एक क्लिक. मग १६८ हा आकडा कोणकोणत्या नात्यांत बसतो ते पाहिलं, तर त्यात सावत्र नातीही निघाली. म्हणजे आजोबांचा आणखी एक संसार होता. हे मी कुठे जाहीर करावं? दिवाळीच्या फराळाला, सगळ्यांसमोर. आत्या चार महिने माझ्याशी बोलली नाही.

आता नीट वाचा, कारण ही चूक आपल्या घरांत फार सहज होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. माझे पणजोबा रामचंद्र विनायक, त्यांचे वडील विनायक रामचंद्र, आणि मुलगाही विनायक रामचंद्र. म्हणजे खापरपणजोबा आणि आजोबा यांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं. कुणीतरी हे दोघे एक केले, त्याच्यावरून दुसऱ्याने उतरवलं, त्याच्यावरून मी. दहा वृक्षांत एकच माहिती दिसली म्हणजे दहा पुरावे नव्हेत; बहुतेक वेळा एकाच चुकीच्या दहा नकला असतात. बायकांची तर गत आणखी वाईट. लग्नात आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही, आणि माहेर वृक्षात येतच नाही.

दुसरा घोळ आकड्याचा. कोणत्या नात्यात किती सेंटिमॉर्गन जुळतात याचे आकडे लोकांकडून गोळा करणाऱ्या ब्लेन बेटिंगर यांच्या शेअर्ड सीएम (सेंटिमॉर्गन) प्रोजेक्टच्या २०२०च्या तक्त्यात, पणजोबा एक असलेल्या भावंडांची सरासरी २२९ आहे, पण पल्ला ४१ ते ५९२! शिवाय हे तक्ते मुख्यतः पाश्चात्त्य घरांवरून झालेले, जिथे दोघांत नातं सहसा एकाच वाटेने येतं. आमच्या देशस्थांत मामाची मुलगी करायची रीत. तिथे एकच पूर्वज आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, आणि आकडा फुगतो. दूरचं माणूस जवळचं वाटायला लागतं. म्हणून एकूण बेरजेआधी जुळणाऱ्या डीएनएचा सर्वांत लांब तुकडा बघा; नातं जवळचं असलं की तुकडेही सहसा लांब असतात. माझे १६८ अकरा तुकड्यांत विखुरलेले होते, सर्वांत मोठा २४चा. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मला एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं होतं, 'आकडा खोटं बोलत नाही.' असे गुरू टाळा. आकडा काहीच बोलत नाही, बोलतो आपण.

सुटलं कसं? आजोबांच्या चुलतभावाच्या मुलीची चाचणी करून घेतली. टोरांटोवाले आजोबांपासूनचे असते तर तिच्याशी त्यांचं जुळणं माझ्याहून कमी निघायला हवं होतं. निघालं जास्त. मग त्यांच्या परवानगीने त्यांचा डेटा जेडमॅचवर (वेगवेगळ्या कंपन्यांचे डीएनए निकाल ताडून पाहायची साइट) टाकून 'आईवडील एकमेकांचे नातेवाईक आहेत का' हे साधन चालवलं. उत्तर आलं, हो, आणि चांगलेच जवळचे. शेवटी मी लाज गुंडाळून आत्याकडे गेले. ती म्हणाली, ''अगं, आमच्या आजोबांची बहीण गोदाआत्या. तिच्या मुलाला धाकट्या मामाचीच मुलगी केली. तो मुलगा कॅनडात गेला, त्याचा असणार. आधी विचारलं असतंस तर?''

म्हणजे ते माझ्या वडिलांच्या पिढीचे, दोन वाटांनी नात्यात असलेले काका. वय ७८. प्रोफाइल त्यांची लेक सांभाळते आणि त्यावर वय नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या भाच्याच्या वयाचं धरलं होतं.

तेव्हा पहिली नळी स्वतःसाठी नको, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासाठी घ्या. पण त्यांना आधी स्पष्ट सांगा, की यातून नको ते बाहेर येऊ शकतं, आणि हा डेटा फक्त आपल्या कपाटात राहत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांनी जेडमॅचवरच्या लांबच्या नातेवाइकांवरून खुनी पकडला होता. घाबरवत नाही, पण 'नाही' म्हणायचा त्यांचा हक्क आहे.

आणि यादीत कुणीच जवळचं नसेल तर खट्टू होऊ नका. आपल्याकडे चाचणी केलेलेच थोडे. शिवाय खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांतही दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. नातं खरं असतं, फक्त तुकडा उरलेला नसतो. तोवर कागद धुंडाळा. जमिनीचे जुने फेरफार, वारसनोंदी, नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या. मोडी येत नसेल तर शिका, मला सहा महिने लागले आणि अजून अडखळते. खापरपणजोबांची नोंद मला तिथेच सापडली: विनायक बिन रामचंद्र, खाली तीन मुलगे. गोदाआत्याचं नाव नाही.

आता आत्याचा आणि टोरांटोच्या काकांचा दर रविवारी फोन असतो. माझ्या यादीत ९६ सेंटिमॉर्गनच्या एक बाई अजून तशाच पडून आहेत. त्यांच्याबद्दल मी घरात अवाक्षर काढलेलं नाही.