जर्मनीतले रिकामे घर आणि बॅगेतून आलेल्या साड्या

जर्मनीत भाड्याने मिळालेल्या घराचे दार पहिल्यांदा उघडले की आपल्याकडून आलेला माणूस गोंधळतो, कारण छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात आणि स्वयंपाकघरात पुष्कळदा पाण्याच्या जोडणीखेरीज काहीच नसते. दिवे, पडद्यांचे दांडे, कधी कधी ओटा आणि कपाटेही आधीचा भाडेकरू सोबत घेऊन गेलेला असतो. तरीही पहिल्याच शनिवारी फर्निचरच्या दुकानात जाऊन पगार संपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे घर बदलताना लोक चांगल्या वस्तू ‘त्सु फेरशेंकन’, म्हणजे ‘फुकट देणे आहे’, अशी चिठ्ठी लावून दारापाशी ठेवतात. अशी चिठ्ठी असेल तर वस्तू निःसंकोच उचलावी; मात्र पालिकेच्या गाडीसाठी बाहेर काढलेल्या ‘श्पेर्म्युल’ला, म्हणजे अवजड कचऱ्याला, विचारल्याशिवाय हात लावू नये. बर्लिनमध्ये ‘नॉखमाल’ आणि म्युनिकमध्ये ‘हाले २’ ही पालिकेच्या कचरा व्यवस्थेशी जोडलेली जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. तेथे भरीव लाकडाचे टेबल किंवा खुर्ची शोधावी. रस्त्यावरची गादी किंवा सोफा मात्र कितीही देखणा असला तरी ढेकणांच्या भीतीने मी कधीच घरात आणत नाही.

मालाच्या लाकडी पॅलेटपासून बैठक करण्याची हौस बहुतेकांना असते. ‘ईपीएएल’ या युरोपीय पॅलेट संघटनेच्या शिक्क्याचे १२० बाय ८० सेंटिमीटरचे पॅलेट कंपन्या एकमेकींशी अदलाबदल करून वापरतात, त्यामुळे दुकानामागे पडलेले दिसले तरी ते बेवारस नसते. एकदाच वापरायचे पॅलेट दुकानदाराला विचारून घ्यावे आणि त्यावर ‘एचटी’ हा शिक्का आहे ना, हे पाहावे, कारण तो लाकूड उष्णतेने निर्जंतुक केल्याची खूण असतो. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया, ते घरात आणू नये.

खरी गंमत पडद्यांत आहे. साधारण साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन पडदे होतात आणि जुन्या इमारतींच्या उंच खिडक्यांना ती लांबी नेमकी पुरते. काठ दोन्ही बाजूंनी उभे उतरतात, तर पदर एकाच पडद्याच्या तळाशी येतो. ही विषमता मला तरी फार आवडते. आईच्या साडीला कात्री लावायला मन धजत नसेल, तर ती अखंडच दांड्यावरून दुहेरी टाकावी, म्हणजे तिचे तिलाच अस्तर मिळते. रेशीम उन्हाने विटते आणि विरते, म्हणून रेशमी साडीला मागून जाड सुती चादर जोडावी; जूनमध्ये पहाटे पाचच्या आधीच उजाडते, तेव्हाही या चादरीचे मोल कळते. खिडक्या आत उघडतात, त्यामुळे पडदा पूर्ण बाजूला सरकेल एवढा दांडा लांब असावा, आणि खिडकीखालचा हीटर पडद्याने झाकला जाऊ नये. उरलेल्या फाटक्या साड्या एकमेकींवर रचून धावदोरा घातला की गोधडी होते. ती हिवाळ्यात अंगावर आणि उन्हाळ्यात पॅलेटच्या बैठकीवर चालते.

वेताची टोपली उपडी टांगली की दिव्याची सुरेख छत्री होते, फक्त आत कमी तापणारा एलईडी दिवा लावावा. छतातील वायरींची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी, कारण जुन्या घरांत वायरींच्या रंगांवर विसंबता येत नाही. काकडीच्या लोणच्याच्या बरण्या डाळींना उत्तम. झाकणाचा सिरक्याचा वास मात्र जाता जात नाही, तेव्हा मसाल्यांसाठी दह्याच्या काचेच्या बरण्या ठेवाव्यात, जरी परत केल्यावर मिळणारे १५ सेंट त्यापायी सोडावे लागले तरी.

भिंतींच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. पहिल्या घरात मी जुने कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवले आणि वसंतात ते हलवले, तेव्हा मागे काळी बुरशी पसरलेली होती. म्हणून पाच-दहा सेंटिमीटर फट सोडावी आणि रोज थोडा वेळ खिडक्या सताड उघडाव्यात. रविवारी आणि रात्री दहानंतर ड्रिल चालवू नये. भिंत गडद रंगवली असेल तर घर सोडण्यापूर्वी ती पुन्हा फिकट करून द्यावी, कारण भडक रंगाच्या भिंती तशाच सोडणाऱ्या भाडेकरूकडून घरमालक भरपाई मागू शकतो, असा निकाल येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे, आणि अशी भरपाई ज्यातून कापली जाऊ शकते ती अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते.