ओढकामाच्या घोड्यांच्या क्लबात शिकायला जाताय? आधी कॉलर समजून घ्या

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या बऱ्याच काउंट्यांत ओढकामाच्या घोड्यांचे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘हेवी हॉर्स’चे, क्लब आहेत. शायर, क्लाइड्सडेल, सफोक पंच, पर्शेरॉन असे टनाच्या आसपास वजनाचे घोडे ही मंडळी नुसते मिरवत नाहीत. नांगरट, गवताची कापणी, गाडीची ओढ, रानातून ओंडके बाहेर काढणं ही कामं त्यांच्याकडून करून घेतात आणि येणाऱ्याला शिकवतातही. तिकडे शिकायला किंवा नोकरीला असलेल्या, घरी शेती पाहिलेल्या मराठी मुलामुलींनी यात जरूर पडावं. फक्त एक गोष्ट आधीच पक्की करा: नांगराची मूठ हातात यायला वेळ लागेल, आणि तो लागायलाच हवा. या विद्येचा मोठा भाग तबेल्यात शिकायचा असतो, कॉलर (ओढताना घोड्याच्या गळ्यात, खांद्यांवर बसणारं जाड कडं), चंदी आणि खुरांपाशी.

जातींची थोडी ओळख असली की तबेल्यातलं बोलणं कळू लागतं. शायर सगळ्यांत उंच, १७ हात आणि त्याहून वर. घोड्याच्या मापातला हात म्हणजे ४ इंच, आणि उंची डोक्यापर्यंत न मोजता आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. म्हणजे १७ हातांचा घोडा खांद्यालाच ५ फूट ८ इंच भरतो. सफोक पंच ठेंगणा, गोल अंगाचा, रंगाने नेहमी तांबूस-तपकिरी. आजचे सगळे सफोक १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याच्या वंशातले. शायर आणि क्लाइड्सडेलच्या पायांवर असतात तशी लांब झुलपं त्याला नाहीत, आणि पूर्व इंग्लंडच्या चिकण जमिनीत ते सोयीचंच, कारण केस नसले की चिखलाचे गोळे लटकत नाहीत. पर्शेरॉन मूळचा फ्रान्सच्या पेर्श भागातला, करडा किंवा काळा.

प्रत्येक जातीची वंशावळ नोंदवणारी सोसायटी असते: सफोक आणि क्लाइड्सडेलच्या १८७७ मधल्या, शायरची १८७८ मधली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि शेतांतून घोडे झपाट्याने गेले. दुर्मीळ देशी जनावरांसाठी ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’ १९७३ मध्ये निघाला, तोवर सफोक पंच अगदी थोडे उरले होते. वंशावळ सोसायट्यांनी सांभाळली. घोड्याला कामाला लावायची रीत मात्र एका माणसाने दुसऱ्याला शेजारी उभं करून दाखवावी लागते, आणि ते काम क्लब करतात.

बैलांची सवय असलेल्यांनी दोन फरक लक्षात घ्यावेत. बैलाचं जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं, त्याला टेकायला वशिंड असतं. घोड्याला वशिंड नाही, आणि मानेच्या खालच्या बाजूने श्वासनळी जाते. त्याचा जोर खांद्यांतून लागतो, म्हणून दोन्ही खांद्यांवर चपखल बसणारी कॉलर लागते. दुसरा फरक स्वभावाचा. बुजतो तर बैलही, पण घोड्याचं पहिलं उत्तर पळणं हेच असतं, आणि मागे जे जुंपलेलं असेल ते घेऊन तो पळतो. पुढचे बरेचसे नियम यातूनच आलेले आहेत.

आता कॉलर. ती आतून राईच्या काडाने ठासून भरलेली असते आणि खांद्याला लागणाऱ्या बाजूला लोकरी कापडाचं अस्तर असतं. आकाराने वर निमुळती, खाली रुंद. घोड्याचं डोकं डोळ्यांपाशी सर्वांत रुंद, त्यामुळे बंद कॉलर सुलटी जातच नाही. ती उलटी धरून, रुंद बाजू वर ठेवून डोक्यावरून सरकवायची. जबड्यामागे मान सर्वांत बारीक असते, तिथेच ती फिरवून सुलट करायची, आणि तीही आयाळ ज्या बाजूला पडते त्या दिशेने. मग आयाळीचे केस मोकळे काढून कॉलर मागे खांद्यांवर न्यायची. डोळ्यांवरून नेताना ढकलाढकली केलीत तर पुढच्या वेळी कॉलर दिसताच घोडा डोकं वर उचलतो, आणि शायरने डोकं उचललं की तुमचा हात तिथवर पोचत नाही.

कॉलर बसली की नाही हे घोड्याचं डोकं कामाच्या उंचीवर असताना तपासा, गवत खात असताना नाही. खाली श्वासनळी आणि कॉलर यांच्यामध्ये चार बोटं सपाट जायला हवीत, बाजूंना बोटांची टोकं जेमतेम. बाजूंनी सैल कॉलर ओढताना हलते आणि कातडी सोलते. लांबीला कमी असेल तर चढावर श्वासनळी दाबली जाते, घोड्याचा श्वास घरघरतो आणि तो ओढायचं सोडतो. लोक त्याला आळशी म्हणतात, दोष कॉलरचा असतो. लांबीला जास्त असेल तर ओढीची जागा खाली सरकून खांद्याच्या सांध्यावर येते आणि प्रत्येक पावलाला तिथे मार बसतो. कॉलरच्या खोबणीत हेम्स नावाच्या दोन कमानी आवळून बसवतात आणि ओढायच्या साखळ्या त्यांना अडकवतात. हेम्सचा पट्टा एक भोक वरखाली केला तरी ओढीची जागा बदलते. साखळी खांद्याच्या उताराशी काटकोनात राहायला हवी.

हिवाळाभर मोकळा राहिलेला घोडा वसंतात अंगाने भरलेला असतो. काम सुरू झालं की खांदे उतरतात आणि गेल्या महिन्यात नेमकी बसणारी कॉलर सैल होते. खाली पॅड घालून मोठी कॉलर भागवता येते, लहान कॉलरवर मात्र काहीच उपाय नाही. काम संपलं की अस्तरावरचा वाळलेला घाम ब्रशने काढा, खांदे थंड मिठाच्या पाण्याने धुवा, आणि सकाळी कॉलर चढवण्याआधी अस्तरावरून उघडा हात फिरवा. तळव्याला जे टोचेल ते खांद्याला दिवसभर टोचणार. खांद्यावर कातडी गेली असेल तर भरून येईपर्यंत त्या घोड्याला कॉलरचं काम नाही.

साज चढवायचा क्रम असा: कॉलर, हेम्स, मग पाठीवरचा पट्टा किंवा गाडीचं खोगीर, तंग, दुमची (शेपटाखालून जाणारा पट्टा), आणि शेवटी झापडांचा लगाम. जुंपताना आधी कासरे हातात, मग साखळ्या. सोडताना आधी साखळ्या, कासरे अगदी शेवटी. गाडीला जुंपलेल्या घोड्याचा लगाम क्षणभरही काढायचा नाही. झापडांमुळे मागची गाडी त्याला कधी दिसलेलीच नसते. लगाम निघाला की ती एकदम पाठीशी दिसते, आणि तुमच्या हाती त्याला धरायला काही उरत नाही. घोड्याचा दोर हाताला गुंडाळायचा नाही, हेही इतकंच कडक. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने शेपूट छाटायला बंदी आहे, म्हणून कामाच्या दिवशी शेपूट वेणी घालून वर बांधतात. मोकळ्या शेपटाखाली कासरा अडकला की घोडा शेपूट दाबून धरतो आणि लाथा झाडतो. अशा वेळी कासरा ओढू नका, ढील द्या.

चंदीचं गणित सोपं आहे, पाळणं अवघड. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे ९०० किलोच्या घोड्याला साडेतेरा ते अठरा किलो, त्यात बहुतेक वाळलेलं गवत. ओट कामाच्या मापाने. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, आणि तो ओकू शकत नाही; एकदम खाऊ घातलं की पोटशूळ ठेवलेला. थोडं थोडं, वारंवार द्या, आणि चंदीनंतर तासभर तरी काम नको.

जुने लोक ज्याला सोमवारचा आजार म्हणत, तो आजही होतो. आठवडाभर राबलेल्या घोड्याला रविवारी सुट्टी मिळते, पण ओट पूर्ण मिळतात. सोमवारी थोडं चालल्यावर पुठ्ठ्याचे स्नायू ताठरतात, दरदरून घाम फुटतो, लघवी गडद तपकिरी होते. तिथेच थांबा. हळूहळू घरापर्यंत चालवू, हा विचार स्नायूंची हानी वाढवतो. अंगावर घोंगडी टाका आणि पशुवैद्याला तिथे बोलवा. टाळायचं असेल तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासूनच ओट कमी करा आणि सुट्टीतही घोडा कुरणात फिरता ठेवा.

खुरांचं काम दर ६ ते ८ आठवड्यांनी. १९७५ च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नालबंदाशिवाय कुणी नाल मारू शकत नाही, म्हणून गावाकडे कितीही नाल मारलेले असोत, तिथे हात लावू नका. झुलपांच्या घोड्याने पाय आपटायला, घासायला सुरुवात केली तर केसांखाली किडे असल्याची शंका घ्या. चिखल दिसला की रोज धुवावंसं वाटतं. पण केस ओले राहिले की खालची कातडी फुटते. चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा.

एवढं अंगवळणी पडलं की नांगर. तिकडचा नांगर लोखंडी, माती उजवीकडे पालथी करणारा. डावा घोडा न नांगरलेल्या जमिनीवर चालतो, उजवा तासात, म्हणजे आधीच्या फेरीने पडलेल्या चरात. तासातला घोडा जुना आणि शांत हवा, कारण रेघ तो धरतो. ९ इंच रुंद तासाने एक एकर नांगरायचं तर ११ मैल चाल होते, आणि जुन्या काळी जोडीचं दिवसाचं काम एक एकर धरत. घोडा दिवसभर सलग ओढू शकतो ते साधारण वजनाच्या एक दशांश जोराने. भारी जमिनीत प्रत्येक फेरीच्या शेवटी दम खाऊ द्या.

मुठींवर भार टाकायची सवय इथे उलटते. मुठी खाली दाबल्या की फाळाचं टोक वर येतं, उचलल्या की टोक घुसतं, आणि तास लाटांसारखा उथळ-खोल होत जातो. नीट लावलेला नांगर जवळपास आपला आपण चालतो; हात फक्त सोबतीला. लावायचा तो दांडीच्या टोकाशी असलेल्या हेक नावाच्या खाचांच्या पट्टीवर. जुंपण वरच्या खाचेत नेली की नांगर खोल जातो, खालच्या खाचेत उथळ. उजवीकडे सरकवली की तो डावीकडे, कोऱ्या जमिनीत शिरतो आणि तास रुंद होतो. डावीकडे नेली की अरुंद. हेक जास्त खोलीवर ठेवून नांगराच्या चाकाने आवरायचं, असं करू नका. मग सगळा दाब चाकावर येतो आणि तो भार घोडे ओढतात. फाळाआधी माती उभी चिरणारी सुरी फाळाच्या टोकापासून इंचभर वर आणि कोऱ्या जमिनीच्या बाजूला अर्धा इंच ठेवा.

नांगर सारखा वर येत असेल तर हेकला हात लावण्याआधी फाळ झिजलाय का ते पाहा. बहुधा तोच असतो. तासाची भिंत फाटकी येत असेल तर सुरी तपासा. माती पालथी न पडता उभी राहून परत तासात घसरत असेल तर खोलीच्या मानाने रुंदी कमी पडतेय: ६ इंच खोलीला ९ इंच रुंदी हे धरून चला. पहिला तास घालताना नजर पलीकडच्या खुणेच्या काठीवर ठेवा. नांगराकडे पाहत चाललात की रेघ वाकडी आलीच. वळणावर घोड्याचा पाय साखळीपलीकडे गेला तर लगेच थांबा, साखळी सोडा, पाय मोकळा करा, मग पुढे.

पगारी नोकऱ्या थोड्या आहेत, हे आधीच माहीत असलेलं बरं. वेस्ट ससेक्समधलं वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय, नॉरफोकमधलं ग्रेसनहॉलचं शेत इथे कामाचे घोडे आहेत. लंडनच्या रिचमंड पार्कात शायर घोड्यांनी नेचे दाबून काढतात, ऑक्सफर्डशायरमधली हुक नॉर्टन ब्रुअरी शायरच्या गाडीतून बिअर पोचवते, आणि ट्रॅक्टर जाऊ नये अशा नाजूक जंगलांत घोड्याने ओंडके काढणाऱ्यांना काम मिळतं. नालबंदीची उमेदवारी काही वर्षांची असते, पण पोटाला सर्वांत भरवशाची तीच.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर स्वयंरोजगार चालत नाही, आणि ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या जबाबदारीचं बिनपगारी कामही आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत धरलं जातं. हौसेने, बंधनाविना केलेली मदत वेगळी मोजतात. कुठल्या प्रकारात बसता हे विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयात आधी विचारा. पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, तेव्हा क्लबची नोंदणी कुठली आहे ते पाहून घ्या. धनुर्वाताची लस, पोलादी टोकाचे बूट आणि हातमोजे घेऊनच जा. क्लबला लिहिताना आठवड्यातला कोणता वार तुम्ही वर्षभर न चुकता देऊ शकता ते पहिल्या ओळीत लिहा. तबेला झाडायला माणूस त्यांना जानेवारीतही लागतो, आणि जानेवारीत येणाऱ्यालाच ते मार्चमध्ये कासरे देतात.