संशोधनाच्या निधीतून तालुक्यात किती रोजगार आला, हे कसे मोजावे

विद्यापीठाला मिळालेल्या संशोधन निधीमुळे आपल्या तालुक्यात रोजगार किती वाढला हे तपासायचे असेल, तर सबंध विद्यापीठाचा हिशेब मांडायला बसू नये. एकच केंद्र आणि एकच वाण धरावे. सिंधुदुर्गात त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र आणि तेथील ‘वेंगुर्ला-४’ हा काजू सोयीचा आहे.

प्रथम निधीची फोड करावी. राज्याचे अनुदान वेगळे लिहावे आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचा, म्हणजे देशभरातील संशोधन केंद्रे मिळून चालवतात त्या प्रकल्पाचा पैसा, ज्यात केंद्र सरकारचा वाटा ७५ टक्के असतो, तो वेगळा लिहावा. संशोधन केंद्रावरचे पगार व रोजंदारी हा थेट रोजगार. तो मोजायला सोपा, म्हणूनच अहवालांत त्याचेच कौतुक जास्त होते.

खरे काम कलमाच्या मागे जाण्यात आहे. रोपवाटिकेत कोवळ्या खुंटाला चीर देऊन पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, हे काम सरावलेले हातच करतात. अशी किती माणसे किती दिवस राबतात, ते रोपवाटिकेतच बसून विचारावे. पुढे बागेतील वेचणी आणि कारखान्यातील फोडणी, सोलणी व प्रतवारी यांची नोंद घ्यावी. हे काम हंगामी असल्याने डोकी न मोजता मनुष्यदिवस मोजावेत: वीस बायका १५० दिवस कामावर असतील तर ३,००० मनुष्यदिवस होतात, म्हणजे वर्षाला ३०० दिवस धरल्यास दहाच पूर्णवेळ रोजगार.

आता वजाबाकी, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात लागवड झपाट्याने वाढली. तिचे सगळे श्रेय वाणाला देता येत नाही. तसेच कारखान्यात फुटणारी सगळी बी इथली नसते, आफ्रिकेतूनही येते. स्थानिक बीचे प्रमाण विचारून तेवढाच वाटा धरावा. वाण तयार व्हायला अनेक वर्षे लागतात आणि कलम लावल्यावरही फळ धरायला तीनेक वर्षे जातात, त्यामुळे यंदाच्या निधीची सांगड यंदाच्या रोजगाराशी घालू नये.

वेंगुर्ल्याची कलमे गोव्यातही जातात. तिथल्या बागेतले काम आपल्या बेरजेत धरू नये. ती कलमे इथे बांधणाऱ्याची मजुरी मात्र धरावी.