शोधलेखात बेळगावचे स्पेलिंग कोणते ठेवावे?

सीमाभागावर इंग्रजी लेख किंवा सारांश लिहिताना एकाच गावाची दोन-दोन स्पेलिंगे घुसतात. 1 नोव्हेंबर 2014 ला 'बेलगाम'चे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. निपाणीत कुणी एक 'पी' लिहितो, कुणी दोन. चिकोडीत 'के'चा तोच घोळ. मग शोधणाऱ्याला लेख सापडत नाही, शिवाय तपासनीस विसंगतीवर बोट ठेवतो.

1. मजकुरात एकच स्पेलिंग ठरवा. पहिल्या उल्लेखाला जुने नाव कंसात द्या, पुढे नको.

2. बीजशब्दांत (कीवर्ड्समध्ये) मात्र जुने आणि नवे दोन्ही घाला. खरा फायदा इथेच आहे. 2014 पूर्वीचे बहुतेक इंग्रजी साहित्य जुन्या नावाने नोंदलेले असल्याने अनेक अभ्यासक अजून त्याच नावाने शोधतात. बीजशब्दांची मर्यादा कमी असेल तर दुसरे नाव सारांशात बसवा.

3. लेखकाच्या पत्त्यात संस्थेचे नाव तिच्या लेटरहेडवर असते तसेच, अक्षर न् अक्षर. सहलेखकांनीही तेच वापरावे.

4. शेवटी कंट्रोल-एफ दाबून प्रत्येक पर्याय शोधा आणि एकेक करून बदला.

'रिप्लेस ऑल' अजिबात दाबू नका. संदर्भसूचीतली शीर्षकेही त्यात बदलतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1884 चा 21 वा खंड 'बेलगाम' नावानेच छापलेला आहे. तिथे 'बेळगावी' आले की तो संदर्भच चुकीचा ठरतो. अवतरणांनाही हाच नियम.